काळुरामनं मत कुणाला दिलं

रोह्याजवळच्या वरशाच्या नाक्यावर चहाला बसणाऱ्या माणसांना राजकारणाचा कंटाळा येत नाही, पण काळुराम घरताचा येतो. तो कोपऱ्यावरून वळताना दिसला की एखाद्याला एकदम धाटावच्या कंपनीतली शिफ्ट आठवते आणि तो गाडीला किक मारून चालू लागतो. कारण विषय कुठलाही काढा, भाताच्या भावाचा काढा नाहीतर जावयाच्या आजारपणाचा काढा, काळुराम तिसऱ्या वाक्याला आमदार धनेशवर येऊन पोहोचतो. आणि एकदा पोहोचला की मग त्याला परत आणणं कुणाच्या बापाला जमत नाही.

धनेशचे सगळे निकाल त्याला तोंडपाठ. पंचायत समितीला चारशे बारा मतांनी आला. जिल्हा परिषदेला अठराशेनं. पहिल्या विधानसभेला साडेतीन हजारांनी पडला. हे सांगताना काळुराम बशीतला चहा हळूहळू, चव घेत पितो. मग दुसऱ्या विधानसभेला सात हजारांनी आला, हे तो भरभर उरकतो. आणि तिसऱ्यांदा एकवीस हजारांनी आला, हे समोरच्यानं विचारल्याशिवाय तो सांगतच नाही.

"काळूशेठ, त्याच्या बायकोलाही एवढं पाठ नसेल रे," जोशुआ रोहेकर म्हणायचा. जोशुआ त्याच्याबरोबर कंपनीत होता, दोघं एकाच वर्षी रिटायर झाले. तो कोकणातला बेने इस्रायली ज्यू; त्याच्या बहिणी, पुतणे, सगळे इस्रायलला गेले. हा मात्र रोह्याचं घर सोडायला तयार नाही. नाक्यावर काळुरामचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच. ऐकतो आणि टोचतो, अशी त्याची दोस्ती.

पण जोशुआलाही एक गोष्ट माहीत नव्हती. काळुराम धनेशचे निकाल पंचायत समितीपासून मोजायला लागायचा. त्याच्याआधी धनेशनं एक निवडणूक लढवली होती, ग्रामपंचायतीची, एका प्रभागातल्या एका जागेची. ती तो कधीच मोजायचा नाही. कारण त्या जागेवर धनेशच्या समोर काळुराम स्वतः उभा होता.

काळुराम मूळचा पेणच्या खारेपाटातला, खारबेट गावचा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि दोघींच्या मध्ये मातीचा बांध. बांध आहे तोवर गाव आहे. उधाणाच्या भरतीला बांध फुटून खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोनतीन वर्षं तिथं गवतही धड उगवत नाही. म्हणून खांड पडली की गावकी हाक घालायची, घरटी एक माणूस ओहोटीला चिखलात उतरायचा. काळुरामचा बाप मिठागरात कामाला, धनेशच्या बापाची चार एकर शेती, पण चिखलात दोन्ही घरची पोरं शेजारी शेजारी उभी असायची. शाळेत एका बाकावर, बांधावर एका रांगेत. काळुराम जरा जास्त राबायचा आणि धनेश जरा जास्त बोलायचा, एवढाच काय तो फरक. त्या वयात काळुरामला तो फरक आवडायचासुद्धा.

गावकीची एक रीत होती. मारुतीच्या देवळासमोर पंच निवडायचे, तेव्हा दोन माणसं समोरासमोर उभी राहायची आणि लोक हात वर करायचे. उभ्या राहिलेल्या माणसानंही हात वर करायचा, पण स्वतःसाठी नाही, समोरच्यासाठी. पंगतीत कुणी स्वतःच्या पानात स्वतः वाढून घेत नाही, तसंच हे. कुणी शिकवलेलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं कधीतरी स्वतःसाठी हात वर केला होता म्हणे, तर त्याच्या नातवांनाही लोक त्यावरून चिडवायचे.

पंचवीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावकीनं बाकीच्या सगळ्या जागा बिनविरोध केल्या. एक जागा काही केल्या मिटेना. तरुण पोरं म्हणत काळुराम, भावकी म्हणे धनेश. शेवटी गावकीनं सांगितलं, लढा. दोघं लढले तेही काय, एकाच ओटीवर लागोपाठ जाऊन एकाच घरचा चहा पीत. काळुरामची निशाणी छत्री, धनेशची कपबशी.

मतदानाच्या दिवशी काळुराम शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेला, हातात शिक्का घेतला आणि जराही न अडखळता कपबशीवर मारला. त्याच्या मनात वेगळं काही आलंच नाही. आपण उभे आहोत, समोर धनेश आहे, मग आपलं मत धनेशला. घरी येऊन त्यानं सगुणाला, बायकोला, हसत हसत सांगितलं. तिनंही हसून मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी पेणला मोजणी झाली. काळुराम एकशे एकोणचाळीस, धनेश एकशे एकोणचाळीस. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा तेच. मग नियमाप्रमाणे दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, कचेरीतल्या एका शिपायाच्या छोट्या मुलीला बोलावलं, तिनं डोळे मिटून चिठ्ठी काढली. धनेश.

गुलाल उडाला. काळुरामनंही दोन मुठी उधळला. मग परतीच्या टमटममध्ये बसल्यावर, पेणचा वाशी नाका मागं पडला तेव्हा, त्याच्या डोक्यात हिशेब उजाडला. आपलं मत आपल्याला मारलं असतं, तर एकशे चाळीस आणि एकशे अडतीस. चिठ्ठी नाही, डबा नाही, ती फ्रॉकवाली पोर नाही. आपल्याच हातानं आपण धनेशला निवडून दिला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो पहिल्याहून विखारी होता: धनेशनं रीत पाळली असेल का? समोर टेंपोत पोरांच्या खांद्यावर बसलेल्या धनेशकडं त्यानं पाहिलं. तोंडभर गुलाल, तोंडभर हसू. काळुरामनं तिथल्या तिथं निकाल लावून टाकला. नाही पाळली. यानं शिक्का आपल्याच कपबशीवर मारला. ह्याच्या सात पिढ्यांत कुणी रीत पाळली नसेल.

घरी आल्यावर त्यानं सगुणाला शपथ घातली, माझ्या मताचं कुणाला सांगू नकोस. लोक हरलेल्याला माफ करतात, पण येड्याला करत नाहीत. सगुणा म्हणाली, "येडं कसलं? तुमी रीत पाळली. धनेशभावजींनी नसंल पाळली तर ते त्यांचं ते जाणं." आणि तिनं त्या रात्री कोंबडी केली, जिंकल्यासारखी.

सगुणाच्या या बोलण्याला काळुराम पुढं पंचवीस वर्षं धरून राहिला. त्यालाही एक कारण होतं. सगुणाला पहिलं स्थळ सांगून आलं होतं ते धनेशचं. काही बिनसलं नव्हतं, नुसतंच राहून गेलं, आणि मग काळुरामचं आलं. धनेश सरपंच झाला, सभापती झाला, तसतशा, सगुणा सणावाराला गावी गेली की, तिथल्या बाया तिला पाणवठ्यावर म्हणायच्या, "काय गो सगुणे, थोडक्यात हुकलं तुझं." ती हसून सोडून द्यायची. काळुरामला सोडता यायचं नाही. तो जेवताजेवता एकदम विचारायचा, "पस्तावा होतो का गो?" ती म्हणायची, "ज्यानं रीत पाळली त्याच्या घरात मी हाय. जेवा आता." तेवढ्यानं त्याला पुढचे सहा महिने झोप लागायची.

निवडणुकीनंतर वर्षभरात त्यानं खारबेट सोडलं. सांगताना सांगितलं की कंपनीत काम लागलं. लागलंच होतं, धाटावला, आधी हेल्पर, मग ऑपरेटर. पण खरं हे की धनेशला रोज 'सरपंच' म्हणून हाक मारायला त्याची जीभ वळेना. वरशात भाड्यानं राहिला, मग दोन खोल्या बांधल्या. ड्युटी करून आला, पोराला वाढवलं, कुणाच्या देण्याघेण्यात नाही. चारचौघांसारखं बरं चाललेलं आयुष्य. पण त्याच्या शेजारी कायम दुसरं एक आयुष्य चालायचं, जे त्याच्या मते त्याचंच होतं आणि धनेश जगत होता. धनेशच्या दारात गाडी आली की काळुरामला वाटे, ही माझी. धनेशचा पेपरात फोटो आला की तो कातरून ठेवत नसे, निरखून बघे: केस गेले का, पोट सुटलं का. सुटलेलं दिसलं की बरं वाटे.

पहिल्या विधानसभेला धनेश पडला त्या दिवशी काळुरामनं कंपनीच्या कँटीनमध्ये पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाला, पोरगा पास झाला. पोराचा निकाल लागायला अजून दोन महिने होते.

त्याच्या हेव्याचा तळ त्यालाच एकदा दिसला. धनेशनं आमदार झाल्यावर खारबेटच्या बांधाला पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, करून घेतलं. गाव खूश. काळुराम पौर्णिमेच्या उधाणाला मुद्दाम एसटीनं पेणला, तिथून खारबेटला गेला आणि बांधावर उभा राहिला. भरती चढत होती. पाणी दगडाला धडका देत होतं आणि काळुराम मनात म्हणत होता, पड, एक खांड पड, लोकांना कळू दे याचं काम. बांधाच्या आत त्याच्या सख्ख्या भावाचा भात पोटरीला आला होता. हे त्याच्या ध्यानात आलं ते भावानं मागून येऊन 'दादा, चला जेवायला' म्हटलं तेव्हा. पाणी उतरलं, बांध जसाच्या तसा. काळुराम भावाच्या घरी जेवला, पण घास गोड लागला नाही. आपण काय मागत होतो याची लाज वाटली, आणि बांध टिकला याचा राग आला, दोन्ही एकदमच.

रिटायर झाल्यावर मोबाईल हातात आला आणि त्यावर विधानसभेचं अधिवेशन दिसायला लागलं. मग तर काळुरामला ड्युटीच मिळाली. सकाळी अकराला तो खाटेवर फोन टेकवून बसायचा. सभागृहात विधेयक मताला टाकतात तेव्हा बहुतेक वेळा आवाजी मतदान असतं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणा, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणा. दोन्हीकडून गलका होतो, पीठासीन अधिकारी 'होय'चं बहुमत जाहीर करतात आणि पुढं जातात. कोण काय म्हणाला याची नोंद कुठंच नाही. काळुराम यानं पेटायचा. "बघ जोशुआ, बघ! माझ्यासारख्याला एक शिक्का मारला तर आयुष्यभर पुरतो. आणि हा गलक्यात व्हय म्हणतो की नाय म्हणतो, कुणाला पत्ता नाय!"

"तुला कसा पत्ता मग?"

"मी त्याचं तोंड बघत होतो. उघडलंच नाय."

"अरे, कॅमेरा मंत्र्यावर होता," जोशुआ म्हणाला. "धनेश दिसलाच कुठं?"

एकदाच विरोधकांनी मतविभागणी मागितली, सदस्य उभे राहिले, डोकी मोजली गेली. त्या दिवशी काळुराम जेवायला उठला नाही. धनेश आपल्या पक्षाच्या रांगेत उभा राहिला, मोजला गेला, खाली बसला. यात बोलण्यासारखं काहीच नव्हतं. तरी काळुराम नाक्यावर आठवडाभर सांगत होता की तो उशिरा उभा राहिला, शेजारच्याकडं बघून उभा राहिला, त्याला कशाला उभं राहायचं तेच माहीत नव्हतं.

एवढं सगळं झालं तरी ते सोसण्यासारखं होतं. सोसवेना झालं ते प्रणितचं. काळुरामचा हा एकुलता एक मुलगा. डिप्लोमा झालेला, कंपनीत कंत्राटावर होता, ते सुटलं. मग एक दिवस संध्याकाळी येऊन म्हणाला, "बाबा, मला आमदारसाहेबांच्या ऑफिसला काम मिळालं. त्यांचं फेसबुक, व्हिडिओ, भाषणांची तयारी, सगळं मी बघणार."

प्रणितच्या तोंडून 'साहेब' हा शब्द निघाला, त्यात एक मऊपणा होता. हा मऊपणा 'बाबा' म्हणताना कधी ऐकल्याचं काळुरामला आठवेना. पुढं तर रोजचंच झालं. साहेबांनी असं सांगितलं, साहेब असं करत नाहीत, साहेबांना हे आवडत नाही. साहेबांचा फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा. बापाच्या फोनला 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' असा मेसेज यायचा. घरात भिंतीवर धनेशच्या फोटोचं कॅलेंडर लागलं. सदस्यपद नेलं, बायकोच्या मनात जरा तरी शंका पेरली असेल, आता पोरगाही नेला. काळुराम रात्री सगुणाला म्हणाला, "ह्याला आपली एक वस्तू आवडली नाय असं कधी झालंच नाय."

"पोरगा वस्तू हाय का?" सगुणा म्हणाली. "कामाला गेलाय. पगार घेतो, घरी येतो."

मग या वर्षी धनेशच्या सार्वजनिक जीवनाला पंचवीस वर्षं झाली. पेणला सत्काराचा कार्यक्रम ठरला आणि एक पुस्तिका निघायची ठरली: साहेबांची कारकीर्द, सगळ्या निवडणुकांचे निकाल, सभागृहातलं मतदान, केलेली कामं. पुस्तिका करायला बसला प्रणित. आणि बसल्या बसल्या अडला, कारण पहिल्या निवडणुकीचे आकडे त्याला कुठंच मिळेनात.

"बाबा, ग्रामपंचायतीला साहेबांसमोर तुम्ही होतात ना? किती मतं पडली होती?"

काळुरामनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पंचवीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "दोघांना एकशे एकोणचाळीस," तो म्हणाला. "सारखी."

"सारखी? म्हणजे तुम्ही हरलाच नव्हतात?" प्रणितनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत बापाविषयी एक नवं काहीतरी चमकलं, आणि ते पाहून काळुरामला आतून अशी ऊब आली की त्याला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण तो थांबला. चार भिंतींत सांगून काय उपयोग? हे पेणला सांगायचं, सगळ्यांच्या देखत, धनेशच्या तोंडावर. ज्या माणसाला तू साहेब म्हणतोस तो माझ्या एका मतानं साहेब झाला, हे पोराला त्या हॉलमध्ये कळलं पाहिजे. मग बघू 'बाबा' कसं म्हणतोस.

"मला दोन मिनिटं बोलायला दे," तो म्हणाला.

प्रणित खूश झाला. जुना प्रतिस्पर्धी व्यासपीठावर, साहेबांनाही हे आवडेल, म्हणाला.

सगुणाला काळुरामनं बेत सांगितला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. "नका सांगू," ती म्हणाली. "दिलं ते दिलं. आता चारचौघांत मागायला कशाला जाता?"

"पोरगा चाललाय हातातून."

"असा सांगून कुठं परत येतो?"

पण काळुरामनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. आठ दिवस तो आरशासमोर ते वाक्य म्हणून बघत होता. त्याला ते साधंच म्हणायचं होतं, आवाज न चढवता: मी माझं मत धनेशला दिलं होतं, कारण आमच्या गावची तशी रीत होती.

पेणचं मंगल कार्यालय भरलं होतं. सगुणा बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली, काळुराम व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत. प्रणित माईक घेऊन सूत्रसंचालन करत होता. प्रमुख पाहुण्यांची गाडी वडखळला अडकली म्हणून वेळ भरायला धनेशलाच आधी बोलायला उभं केलं.

धनेश बोलायला पहिल्यापासून वाकबगार. त्यानं बांध सांगितला, चिखल सांगितला, गावकी सांगितली. मग म्हणाला, "माझी पहिली निवडणूक माझ्या दोस्तासमोर झाली. हा बसलाय, काळुराम. आमच्या गावात रीत होती, उभ्या राहिलेल्या माणसानं स्वतःसाठी हात वर करायचा नाय. मी मतदानाला गेलो, शिक्का घेतला, आणि छत्रीवर मारला. काळ्याला दिलं मत मी. आजपर्यंत कुणाला बोललो नाय. आज पंचवीस वर्षं झाली म्हणून बोलतो."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची माणसं उभी राहिली. काळुरामच्या शेजारचा एक नगरसेवक डोळे पुसत होता.

खोटं बोलतोय, हा काळुरामचा पहिला विचार. आणि खरं बोलत असेल तर, हा दुसरा. खरं असेल तर दोघांनी एकमेकांना दिली, दोन्ही मतं फिटली, एकशे एकोणचाळीसला एकशे एकोणचाळीस हीच खरी बरोबरी, आणि त्या पोरीनं काढलेली चिठ्ठी हाच खरा निकाल. मग पंचवीस वर्षं तो जळला ते कशावर? आणि खोटं असेल तर त्याहून वाईट. त्याच्याजवळ धनेशकडं नसलेली एकच चीज होती, तीही धनेशनं सगळ्यांच्या देखत उचलली आणि अंगावर घातली. आता तेच वाक्य आपण बोललो तर लोक म्हणणार, ऐकलं आणि पाठोपाठ म्हटलं. त्यानं प्रणितकडं पाहिलं. प्रणित धनेशकडं पाहत होता, डोळे भरून.

"आणि आता," प्रणित माईकवर म्हणाला, "ज्यांना साहेबांनी मत दिलं ते माझे बाबा इथं आहेत. बाबा, तुम्ही सांगा, तुम्ही कुणाला मत दिलं होतं?"

लोक हसले, कौतुकानं. सगळ्यांना उत्तर आधीच माहीत होतं, सगळे त्याची वाट बघत होते. काळुराम माईकपाशी आला. धनेश शेजारी उभा राहून त्याच्याकडं मायेनं बघत होता. ती माया काळुरामला सोसली नाही. या माणसाच्या मागं दुसऱ्या नंबरला उभं राहून 'मीपण' म्हणायचं? जीव गेला तरी नाही.

"मला," काळुराम म्हणाला. "मी मलाच दिलं."

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. धनेशनं त्याला मिठी मारली आणि माईक ओढून म्हणाला, "बघा, मनात काही ठेवलं नाय. असा सरळ माणूस मिळायचा नाय!" शाल आली, नारळ आला. प्रणितनं फोटो काढला, पण बापाच्या डोळ्याला डोळा दिला नाही; बोटं भराभर चालवत त्यानं मोबाईलवर काहीतरी टिपून ठेवलं. पुस्तिकेत काय छापून येणार हे काळुरामला कळलं. प्रतिस्पर्ध्यानं स्वतःला मत दिलं, साहेबांनी प्रतिस्पर्ध्याला. धनेश होता त्याहून एक वीत उंच झाला होता आणि तो त्याला काळुरामनंच केला होता, दुसऱ्यांदा.

त्यानं बायकांच्या रांगेकडं पाहिलं. सगुणाची खुर्ची रिकामी होती.

ती त्याला बाहेर रस्त्यावर सापडली, रोह्याच्या गाडीची वाट बघत. प्रणितला थांबायचं होतं, साहेबांबरोबर. दोघं एसटीत बसले. वडखळ येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. शाल आणि नारळ काळुरामच्या मांडीवर होता.

"गो, बोल ना," तो शेवटी म्हणाला. "तुला म्हाईत हाय. मी तिथं खोटं बोललो."

सगुणा वळली. रागावलेली नव्हती. थकलेली दिसत होती, आणि त्याच्याकडं अशी बघत होती की जणू आज पहिल्यांदाच कुणीतरी त्याची ओळख करून दिली होती.

"तिथं खोटं बोललात," ती म्हणाली, "का त्या दिशी घरी येऊन मला खोटं सांगितलात, ते आता मी कशावरनं ओळखू?"

"मी कपबशीवर मारला गो. देवाशपथ."

"धनेशभावजींनीपण आज देवासारखंच सांगितलं." तिनं पदर सारखा केला. "त्यांचं खरं का खोटं, मला काय करायचंय त्याचं? मला तुमचं एक म्हाईत होतं. गावच्या बाया काय काय बोलल्या, मी त्याच्यावर निभावलं."

काळुरामनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण आपल्या बाजूनं धरलाही नाही. कंडक्टर आला तेव्हा तिकिटाचे पैसे तिनं आपल्या पिशवीतून दिले, दोघांचे, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.